रफिकभाईंच्या झोआचा सव्वा महिना

मच्छरदाणीचा शेवटचा थर आज काढला.

आणि आजच रफिकभाईंचा चाळिसावा.

थांबा, नीट सांगते. आनंदाने डोकं ठिकाणावर नाहीये, आणि मधेच रडूही येतंय.

पिंपरीत रफिकभाईंचं पडद्यांचं आणि मच्छरदाण्यांचं दुकान. मी रावेतच्या नव्या फ्लॅटसाठी पडदे बघायला गेले, तर काउंटरमागे हा एवढा मोठा खाऱ्या पाण्याचा टँक! निळ्या उजेडात डुलणारी फुलं. पडदे राहिले बाजूला.

"फुलं नाहीत बेटा, जिवंत प्राणी आहे. कोरल, म्हणजे प्रवाळ. ह्या जातीला झोआ म्हणतात. अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये असा टँक दाखव मला, दुकान तुझ्या नावावर करतो!"

बढाया मारण्यात माणूस एक नंबर. पण शिकवायलाही तेवढाच उतावळा.

वर्षभर मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी माझा टँक तयार झाला आणि ते स्वतः त्यांच्या झोआचा तुकडा घेऊन घरी आले. दगडावर चिकटलेली, शर्टाच्या गुंडीएवढी चार गुलाबी फुलं. माझं पहिलंवहिलं कोरल!

मी कौतुकाने नवा LED लावून दाखवला.

"अगं, हा घरातला लाइट आहे की चाकणच्या कंपनीच्या गेटवरचा? माझ्याकडे मंद उजेडात वाढलंय ते. एकदम एवढा दिलास तर भाजून निघेल."

पिशवीतून मच्छरदाणी काढली, पाच तुकडे कापले, टँकवर एकावर एक अंथरले. दगड खाली वाळूवर ठेवला.

"आठवड्याला एक थर काढायचा. संध्याकाळी सहानंतर फक्त मंद निळा. घाई केलीस तर माझं नाव सांगू नकोस कुणाला."

मी सगळं तस्संच केलं. तरी पहिल्याच आठवड्यात फुलं मिटली ती मिटलीच. गुलाबी रंग जाऊन ताकासारखी पांढरी पडायला लागली.

"लाइट जास्त होतोय," रफिकभाई फोनवर.

"नाही हो! पाचही थर आहेत!"

त्यांना राहवेना. दुकान सोडून आले. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून येतेय तर लिफ्टपाशीच गाठ पडली.

दार उघडलं आणि काय बघतो?

मच्छरदाणी सोफ्यावर घडी घालून ठेवलेली. लाइट फुल्ल. आणि माझी आई टँकला उदबत्ती ओवाळतेय.

"आई!!!"

"ओरडतेस काय? तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवतात का गं? लक्ष्मी यायची वेळ ती. रोज लावते मी, आणि तू यायच्या आत परत झाकून ठेवते. उगाच तुझी कटकट नको."

रोज!!

मी तोंड उघडणार तेवढ्यात रफिकभाईंनी हाताने गप्प केलं.

"ताई, एक सांगा. बाळंतिणीच्या खोलीत सव्वा महिना मोठा लाइट लावता का?"

"छे! लेकराचे डोळे दिपतील ना. पडदे लावून ठेवतो आम्ही."

"आमच्यात पण चाळीस दिवस. मग हेही लेकरूच आहे ना, ताई. नवं घर, नवा उजेड."

आईने कपाळाला हात लावला. "अगं बाई! मग हे आधी नाही का सांगायचं?"

हे मला ऐकवलं. मला!

रफिकभाईंनी पाचही थर परत घातले. "आजपासून नव्याने सव्वा महिना. शेवटचा थर निघेल त्या दिवशी मी येणार. चहा ताईंचा, बिर्याणी आमच्या घरची."

दुसऱ्याच दिवशी दुकानात छातीत कळ आली, आणि माणूस गेला.

हसता-बोलता माणूस हो. अजून खरं वाटत नाही.

भाभींनी दुकानातला टँक मुंबईच्या कुणाला तरी देऊन टाकला. सांभाळणार कोण? त्यांच्या झोआचा इथे उरला तो फक्त माझ्याकडचा पांढराफटक, मिटलेला तुकडा. आणि विचारायला आता कुणी नाही. तो माझ्या हातून मेला असता तर भाभींना कोणत्या तोंडाने भेटणार होते मी?

पण आमच्याकडे आई होती ना!

तिने हॉलची ट्यूबसुद्धा लावू दिली नाही. तिन्हीसांजेला देव्हाऱ्यात निरांजन, बाकी काळोख. शेजारच्या काकू विचारून गेल्या, लाइटबिल भरायचं राहिलं का? कुणी मोबाइलचा फ्लॅश मारायला गेलं की आई मधे उभी. "बाळ आहे. दृष्ट लागेल."

दुसरा थर काढला त्या आठवड्यात एक फूल उघडलं.

मग हळूहळू गुलाबी रंग परत आला. मी ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवून पकवलं.

शेवटचा थर खरं तर सव्वा महिना भरला तेव्हाच, दोन दिवस आधी, निघायचा होता. आई म्हणाली, "ते येणार होते ना? मग त्यांच्याच दिवशी काढू."

दुपारी भाभींकडे चाळिसाव्याला जाऊन आलो. संध्याकाळी आईने निरांजन लावलं, शेवटचा थर उचलला, आणि बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

"लावू का गं फुल्ल?"

"लाव."

फुलं जराशी आक्रसली. मी काचेला नाक लावलं.

आणि मग उघडली. चारही! आणि बाजूला तांदळाएवढं एक पाचवं, नवंकोरं!!

अशी किंचाळले राव, की खालच्या मजल्यावरून फोन आला.

लगेच भाभींना व्हिडिओ कॉल. त्या या झोआला कायम "माझी सवत" म्हणायच्या. त्यांनी पाचही फुलं मोजून घेतली.

"उद्या बिर्याणी घेऊन येते," म्हणाल्या. "सांगून गेलेत मला. ताईंसाठी व्हेज कर, हेसुद्धा सांगून गेलेत."

रफिकभाई, तुमचं लेकरू उजेडात आलं.

आईने तुमच्याही वाटणीचा चहा ठेवलाय.

खुदा हाफिज.