आठाची कंबर

बुलढाणा जिल्ह्यात कापूस पिकतो, सोयाबीन पिकतं, आश्वासनं तर बारमाही पिकतात. पण प्रिंटरला कान लावून त्याचं दुखणं सांगणारा माणूस या मातीत एकच झाला, आणि ते म्हणजे माझ्या मैत्रिणीचे मामू. तिचे म्हणून माझे, आणि बघता बघता सगळ्या चिखलीचे. प्रिंटर म्हणजे तो जुना, डॉट मॅट्रिक्स. कडेला छिद्रं असलेल्या कागदावर बारीक सुयांनी टिंबं मारत, किर्र किर्र ओरडत अक्षर उठवणारा. त्या आवाजाने बाकीच्यांचं डोकं उठायचं. मामू मात्र तो आवाज असा ऐकायचे, जशी एखादी आई दुसऱ्या खोलीतलं पोराचं रडणं ऐकते आणि भूक लागलीय की मुंगी चावलीय ते तिथूनच सांगते.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या संघटनेच्या प्रिंटरमुळे. बीटी कापसाचे पहिले काही हंगाम होते. मी पत्रकं लिहायचे. ‘पाकिटावर लिहिलं होतं अळी येणार नाही, अळीला वाचता येत नव्हतं’ हे वाक्य माझं, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. छपाईला पैसे नसायचे, म्हणून आम्ही प्रिंटरची रिबन काढून ठेवायचो आणि त्याच्या कोऱ्या सुयांनी स्टेन्सिलचा मेणकागद कोरून घ्यायचो. मग त्यावरून सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या. एक दिवस प्रिंटर निम्मीच अक्षरं कोरू लागला. तो मांडीवर घेऊन मी धाड गावाहून एसटीने चिखलीला आले, मामूंच्या टपरीत ठेवला आणि तक्रार सांगायला तोंड उघडलं. मामूंनी हात वर केला.

“तू चूप राय, बेटा. याले बोलू दे.”

प्रिंटर सुरू केला. लांब पेचकशाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक त्याच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्या तान्ह्या लेकराला मिरची चारली होती.

“मेन चारलं याले? काऊन चारलं?”

मी म्हटलं, “मामू, आंदोलनासाठी.”

“मंग आंदोलनाच्या तोंडात घाल ना मेन. याच्या तोंडात काऊन?”

मामू आधी शिलाई मशीन दुरुस्त करायचे. तिथून प्रिंटरकडे कसे वळले, हे विचारलं की म्हणायचे, “तिथं एक सुई होती, इथं नऊ हायेत. तरक्की झाली.” नम्रपणा त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. साहेब मंडळींना तर ते प्रिंटरच्या आसपास उभं राहू द्यायचे नाहीत. “साहेब, तुमची सावली पडून राह्यली,” म्हणायचे. ट्यूबलाइट डोक्यावर असली तरी. सुयांचं डोकं तापलेलं असताना कुणी ते बोटाने सरकवलं, तर बोट भाजलेल्याची चौकशी न करता डोक्याची करायचे. आणि त्यांचं एक लाडकं निदान होतं: रुई. कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडतात, ते रिबनवर बसतात, रिबनवरून सुयांत शिरतात, हे खरंच आहे. पण मामूंच्या लेखी मामींचा खोकला, एसटीला होणारा उशीर आणि आमच्या आमदारांचं मौन, या सगळ्यामागे रुईच होती.

दसरा हा त्यांच्या धंद्याचा सण. ज्या ज्या कचेरीत प्रिंटर, तिथे तिथे त्याची पूजा, आणि पूजा म्हटली की हळदकुंकू नेमकं त्या तेलकट दांड्यावर, ज्यावरून सुयांचं डोकं धावतं. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली की डोकं अर्ध्या वाटेत अडकून बसलेलं. मामू कधी रागावले नाहीत. “पूजा करा, नारळ फोडा, मी परसाद खातो. फक्त कुकू टोपनाले लावा, दांड्याले नोका लावू,” एवढं सांगून ते दांडा पुसायचे आणि प्रसाद खरोखरच मागून घ्यायचे. एकदा जानेफळच्या एका सोसायटीत प्रिंटर आपोआप बदाम, चौकट आणि हसरी तोंडं छापू लागला. गटसचिवाने घाबरून त्याला लिंबू-मिरची बांधली. मामूंनी मागची सैल झालेली वायर घट्ट खोचली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले, लिंबू सोडवून चहात पिळलं आणि मिरची गटसचिवाला परत दिली.

मला या माणसाचं कुतूहल वाटायचं ते यासाठी की आमच्या भागात सगळेच बोलत होते. बियाणेवाला बोलत होता, कृषी अधिकारी बोलत होता, आम्ही तर भोंगे लावून बोलत होतो. हा एकटा माणूस आधी ऐकायचा. ऐकून ऐकून याला काय कळतं, हे मला पाहायचं होतं. ते दिसलं कापूस खरेदी केंद्रावर.

त्या वर्षी केंद्राबाहेर गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली होती. लाल्या रोगाने पिकाची पानं तांबडी करून अर्धं ओढून नेलं होतं. जे हाती लागलं ते बैलगाडीत. रांगेत धाडकडच्या रुखमाकाकू होत्या. नवरा पायाने अधू, म्हणून गाडी स्वतः हाकत आलेल्या. आणि डोक्यावर अवकाळी ढग. भिजलेला कापूस केंद्र घेत नाही, आणि काकूंच्या वर्षभराच्या मेहनतीवर आच्छादन होतं एका भोकं पडलेल्या ताडपत्रीचं. नेमका तेव्हाच काटा बंद झाला. कारण प्रिंटर. पावतीवर इंग्रजी आठाचा आकडा शून्यासारखा उमटत होता. मधली सुई मारत नव्हती, त्यामुळे आठाची कंबरच गायब. अठ्ठ्याऐंशी किलोचा बोजा पावतीवर दोन शून्यं होऊन बाहेर यायचा. हाताने लिहिलेली पावती वर चालत नाही म्हणे. मी एका बैलगाडीवर उभी राहून घोषणा सुरू केल्या. “आठाचं शून्य करणाऱ्यांचा” असं मी म्हणायचे आणि लोक “धिक्कार असो” म्हणायचे. गर्दी पेटली होती.

एवढ्यात लुनावरून मामू आले. आत जाऊन, झाकण न उघडताच जाहीर केलं, “रुई.” मग उघडलं, बोराएवढा रुईचा गोळा काढला, सगळ्यांना दाखवला. पुन्हा पावती काढली. आठ तसाच, बिनकंबरेचा.

रुखमाकाकू खिडकीतून म्हणाल्या, “काय मामू, रुई निंघाली, आता काय सरकी निंघते का?”

लोक हसले. मामूंचा चेहरा पडला. ते बाहेर आले आणि थेट माझ्या गाडीपाशी.

“बेटा, हे सारे तुह्यं ऐकतात?”

“हो.”

“मंग यायले चूप कर. सुई मेली असंल तं अकोल्याहून नवं डोस्कं आनावं लागते. तवरिक हे सारं भिजते. जित्ती असंल, नुसती चिकटली असंल, तं मी आत्ता उठवतो. पन ते मले कानानंच समजते. या गोंधळात मले काईच ऐकू नाही येऊन राह्यलं.”

“मामू, हा लढा आहे!”

“हाव ना. पन जरा दम घे.”

लोकांना ओरडायला लावणं मला येत होतं. गप्प करणं कुठल्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं. मी दोन्ही हात वर केले, तोंडावर बोट ठेवलं. घोषणा थांबल्या. मागच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून हळूच विचारलं, “कोन गेलं वो?”

“कोनी नाही गेलं बाप्पा,” काकू कुजबुजल्या, “मशीन बिमार हाये. टोपी घाल अन् चूप राय.”

तरीही बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजतच होत्या. तेव्हा काकूंनी आपल्या बैलाची घंटा मुठीत धरली. शेजारच्याने धरली. मग रांगेत मागपर्यंत, एकेक माणूस आपल्या बैलाच्या गळ्याशी जाऊन घंटा मुठीत धरून उभा राहिला. असं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही. आतून फक्त किर्र, किर्र. पेचकस कानाला लावलेले मामू. किर्र.

“जित्ती हाये!” मामू ओरडले. “थरथरते, पन बाहीर नाही येत.” मग त्यांनी रिबन उचलून नाकाशी नेली आणि कारकुनाकडे वळले. “हे काय पाजलं याले?”

कारकून खाली बघत म्हणाला, “नवी रिबन मागतोय कधीचा, येतच नाही. हिची शाई वाळली होती... म्हणून शिक्क्याची शाई ओतली.”

“अरे बाप्पा, रिबनच्या शाईत तेल राह्यते. तुह्या शिक्क्याची शाई गोंदावानी सुकते. सुईचे पाय चिकटवले तुनं!”

पुढे कुणीतरी मला म्हणालं की बघा, कट वगैरे काही नव्हता. मी ते मानत नाही. ज्या खात्याकडे नामंजुरीचे शिक्के मारायला बाटल्या भरभरून शाई आहे आणि कापूस मोजायला एक रिबन नाही, त्याच्या कारभाराला ‘कट’ सोडून दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

मामूंनी डोकं काढून स्पिरिटमध्ये बुडवलं, फडक्यावर टिपलं, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला, पिशवीतली रिबन घातली आणि ओळभर आठ छापले. सगळे दोन घेरांचे, ठसठशीत, कंबर असलेले. काटा सुरू झाला. पावत्या निघू लागल्या. मामूंचं काम संपलं होतं, पण ते गेले नाहीत. प्रिंटरवर हात ठेवून बसून राहिले. काकूंची गाडी काट्यावर चढली, कापूस कोरडा उतरला, पावती हातात आली. त्यांनी ती दिव्यापुढे धरून एकेक आकडा बोटाने चाचपला.

मग टिनाच्या छपरावर टपटप सुरू झाली, आणि पाऊस पडला की आमच्याकडे जे होतं ते झालं. लाइन गेली. प्रिंटर मधेच थांबला. मागे अजून गाड्या होत्या. जनरेटर? केंद्राचे साहेब म्हणाले, मंजुरी यायची आहे.

काकूंचं काम झालं होतं. त्यांनी आपल्या रिकाम्या गाडीवरची ताडपत्री ओढली आणि मागच्या गाडीवर टाकली. ती पुरेना. मामू बाहेर आले, तिचं एक टोक पकडून पावसात उभे राहिले. पेचकस अजून खिशात, दाढीतून पाणी गळत होतं. मला म्हणाले, “मशीनचं झालं. आता हे माह्या हातातलं नाही. आता तू बोल, बेटा. जोरानं बोल.”

मी बोलले. “जनरेटर मिळालाच” म्हटलं, आणि सगळी रांग ओरडली, “पाहिजे!” ते विरलं, आणि मग एकट्या मामूंचा आवाज आला, “पाहिजे.” पुन्हा तेच. दरवेळी मामू मागे. त्यांनी उभ्या जन्मात घोषणा दिली नव्हती. ते आधी सगळ्यांचं नीट ऐकून घेत होते आणि मग आपलं म्हणत होते. काकू हसू लागल्या. भिजणारी माणसंही हसली. मागच्या काही गाड्या भिजल्याच, तो कापूस परत गेला, आणि ते मी कुणालाही माफ केलेलं नाही.

आता केंद्रावर नवे प्रिंटर आहेत. आवाज न करता पावती बाहेर येते. मामू लेकीकडे अकोल्याला असतात. फोनवर फारसं बोलत नाहीत, मला बोलू देतात. मी अजून सभा घेते. घोषणा देते, गर्दी “पाहिजे” म्हणते, आवाज विरतो. माझे सहकारी म्हणतात, ताई, पुढची घोषणा लगेच घ्या, जोर ओसरतो. पण मी क्षणभर थांबते. त्या गर्दीतून एखादा उशिराचा, एकटा “पाहिजे” येतोय का, ते ऐकते.