निर्वातात बेसन

मी मूळची सांगलीची. लखनौला येऊन अठरा वर्षं झाली, पण प्रयोगशाळेत माझी जीभ अजून सांगलीचीच चालते. आमचं काम म्हणजे पोलादी डब्यातली हवा उपसायची, जरासा वायू सोडायचा, वीज देऊन प्लाझ्मा पेटवायचा आणि पॉलिमरच्या पातळ थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण रोवून तो काचेवर चढवायचा. जमलं तर काच कोऱ्या चहासारखी पिवळसर होते. नाही जमलं तर मी लालबुंद होते.

त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमुना व्हायचा होता. इथेच लखनौच्या आलमबागेत वाढलेली मराठी पोरगी. मी मराठीत झापते, ती हिंदीत ऐकून घेते. दुसऱ्या दिवसापासून वायरिंगसाठी महिनाभर वीज बंद. नमुना राहिला असता तर प्रबंध लांबला असता आणि पुण्याची नोकरी हातची गेली असती.

पंप सकाळपासून घरघरत होता, पण डब्यातला दाब एका आकड्यावर अडून बसला. कुठून तरी हवा आत शिरत होती. झालं, मी सुरू.

"हातमोजे घातले होतेस का? केस बांधले होतेस? काल इथे समोसा कोणी खाल्ला?"

"नहीं मॅम, यहाँ कोई नहीं खाता," ती म्हणाली. "शायद रिंग ठीक से नहीं बैठी. मैं देखती हूँ."

तिने झाकणाखालचं रबरी कडं काढलं आणि माझ्याकडे पाठ करून पुसायला लागली. मी चष्मा लावून डोकावले. कड्यावर बेसनाचा तुपकट कण होता. सकाळी घरचा लाडू खाता खाता "हो बाजूला, मीच बसवते" म्हणत ते कडं मीच बसवलं होतं, तेही उघड्या हातांनी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दोन तासांत दाब उतरला, डब्यात जांभळा उजेड पेटला आणि काच पिवळसर होऊन बाहेर आली. त्या आनंदात माफी मागायची राहूनच गेली.

ती गेल्यावर मी मशीनची नोंदवही उघडली. उशिराच्या कारणापुढे तिने लिहिलं होतं, 'रिंग लगाने में मेरी गलती'. खाली सही. मला फार लाज वाटली. ती ओळ खोडून मी माझं नाव लिहिलं आणि सहज मागची पानं चाळली. तीन वर्षांत तीच ओळ अजून चार ठिकाणी होती. त्यातल्या किती वेळा कडं मी बसवलं होतं, ते तिलाच विचारावं लागेल, आणि ती काही सांगायची नाही.