विहिरीकडच्या ओळीची खूण

चैत्र वद्य पंचमी, सन १९३८. मेहरूणच्या लिंबाच्या बागेत हजर: माझे सासरे आबा, त्यांची थोरली मुलगी अक्का, बागेची निगा राखणारे नाना आणि मी. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं तोडायला कुऱ्हाडीवाले येणार होते.

झाडं आबांनी स्वतःच्या हातांनी लावलेली, पाच ओळी. फाल्गुनापासून पानांवर लाल कोळी पडला होता. खसखशीहून बारीक किडा, पानाच्या पाठीला बसून रस शोषणारा. पानं राखेच्या रंगाची होऊन गळायची. आम्ही दोनदा गंधकाची भुकटी धुरळली. दोन्ही वेळा आठवडाभर बरं वाटलं, मग किडा पहिल्यापेक्षा वाढला. "पुरे. तोडा आणि कापूस लावा," आबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून ताटावरून अर्धपोटी उठू लागले.

तोडण्यापूर्वी झाडांची नोंद हवी, म्हणून मी बागेच्या कामांची वही घेऊन निघाले. विहिरीकडच्या शेवटच्या ओळीशी थबकले. ती ओळ हिरवीगार होती. वहीत गंधकाच्या कामात तिच्यापुढे दोन्ही वेळा 'झाले' अशी खूण, माझ्याच हातची.

"नाना, या ओळीला गंधक किती मारलं?"

नाना पागोटं सारखं करत राहिले. "मारंच नही, वहिनी. दोन्ही येळा पोतं आधीच सरी गयं. तुम्ही तं खूण करी टाकी व्हती, मंग मी कसाले बोलू?"

खरं होतं. काम सुरू झालं की मी खूण करून मोकळी व्हायची. संपेपर्यंत थांबायचा धीर माझ्यात नव्हता.

आबांचं पोथी वाचायचं भिंग मागायला मी अक्कांना पुढे केलं. "आबा, तुमची सून आता झाडांची पोथी वाचणार आहे," त्या म्हणाल्या. आबा हसले नाहीत, पण भिंग घेऊन स्वतः आले.

हिरव्या ओळीतल्या पानावर लाल कोळी थोडेच होते. त्यांच्यात एक फिकट, चकचकीत किडा तुरुतुरु पळत होता.

"हाई तेनं पिल्लू शे," नाना म्हणाले. "बठ्ठा मारा, एक बी सोडू नका."

तेवढ्यात त्या पिल्लाने एका लाल कोळ्याला धरलं आणि सोडलंच नाही. त्याचं फिकट पोट लालसर होत गेलं.

"पिल्लू कसलं, नाना! हा तर आईलाच गिळतोय," अक्का ओरडल्या.

मग आम्ही गंधक मारलेल्या चारही ओळींची पानं उलटून पाहिली. लाल कोळी ढीगभर, पळणारा एकही नाही.

आबा बांधावर टेकले. "म्हणजे राखणदार आपणच मारले," ते म्हणाले. मग उठत म्हणाले, "नाना, कुऱ्हाडीवाल्यांना सांगा, येऊ नका."

राखणदार तिकडे पोचावेत म्हणून विहिरीकडच्या झाडांच्या पानांनी भरलेल्या डहाळ्या कापून आम्ही बाकीच्या झाडांना सुतळीने बांधल्या. प्रत्येक झाडाची खूण मी गाठ पक्की झाल्यावरच केली. ज्येष्ठात नवी पालवी आली आणि टिकली. ती पाहून आले त्या दुपारी आबांनी भाकरी मागून घेतली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला एकदम हलकं वाटलं.

वहीत पंचमीच्या कामांच्या यादीत एक ओळ अजून बिनखुणेची आहे: भिंग पोथीपाशी परत ठेवणे. ते बागेतच असतं. रोज सकाळी आबाच ते घेऊन पानं उलटत फिरतात.