छत्र्या रोवणारा चिल्बोक

आमच्या बानचोन वस्तीत बहुतेक सगळे खाटीक. चिल्बोकचा बाप खाटीक, आजा खाटीक, आणि या बाबाने सुरी हातात घेतली की शेजारचे आपापली बोटं सांभाळत लांब सरकायचे. धंदा त्याला कधी जमलाच नाही. पण देवाने अंग दिलं होतं. माझ्या खानावळीच्या दारातून तो आडवा होऊन आत यायचा आणि बसला की बाक कुरकुरायचा. त्या अंगाला राजधानीत एकच काम होतं, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता.

सरकारी अधिकारी निवडायच्या परीक्षेच्या दिवशी उजाडायच्या आधी मैदानाचं दार उघडतं. आत पार पुढे प्रश्नाची पाटी लागते. पाटीजवळ बसेल त्याला प्रश्न आधी दिसतो, त्याचं लिहून आधी होतं आणि त्याची उत्तरपत्रिका आधी परीक्षकांसमोर जाते. परीक्षक झाले तरी माणसंच. पहिल्या काहीशे पत्रिका वाचतात, मग त्यांची कंबर धरते, डोळे चुरचुरतात आणि उरलेल्या ढिगाला कोणी हात लावत नाही. म्हणून मोठी घराणी पळणारे गडी ठेवायची. दार उघडलं की गड्याने छत्री, चटई आणि खुंट्या घेऊन मुसंडी मारायची, पाटीखाली छत्री रोवायची आणि मालक येईपर्यंत तिथे कोणाला फिरकू द्यायचं नाही. मालक मागून रमतगमत येणार. सोबत एक भाड्याचा विद्वान, तो उत्तर सांगणार. एक भाड्याचा अक्षरवाला, तो ते उतरवून काढणार. मग मालक काय करणार? मालक माझ्याकडून नेलेले भाताचे गोळे खाणार.

चिल्बोकची छत्री कधी पहिल्या रांगेच्या मागे गेली नाही. त्याचा त्याला भारी तोरा. रस्त्याने एखाद्या साहेबाची पालखी चालली की माझ्या दारात उभा राहून बोट दाखवायचा.

"ताई, तो बघ. माझं पीक."

"हळू बोल मेल्या, चाबूक बसेल."

"बसू दे. मी रोवला म्हणून उगवला तो."

सुन्नेची आई म्हणून मला सगळा बानचोन ओळखतो. नवरा गेल्यापासून मी हाडांचा रस्सा शिजवते आणि मागच्या दोन खोल्या परीक्षेला येणाऱ्यांना देते. त्यातली एक खोली ग्वाक पंडितांची ठरलेली. ग्योंगसांगच्या डोंगरातला माणूस, लुकडा, चाळिशी उलटलेली, टोपीला ठिगळ लावलेलं. तिकडे बायको शेत बघते, म्हातारी आई खोकते, आणि हा दर परीक्षेला डोंगर चढून-उतरून माझ्या दारात हजर. खायला कमी, बोलायला त्याहून कमी. बसायला जागा मिळायची ती भिंतीलगत, पार मागे. तिथून प्रश्न ऐकीव कळायचा, तोही अर्धा. न निवडलेल्या पत्रिकांचे गठ्ठे पुढे उत्तरेच्या सरहद्दीवर जातात, शिपायांच्या थंडीच्या अंगरख्यात भरायला. ते गठ्ठे उचलायला आमच्या वस्तीचीच माणसं लागतात, त्यामुळे चिल्बोकने एकदा त्याची पत्रिका शोधून आणून दिली होती. परीक्षकाने वाचलं की तांबडी खूण करतो. हिच्यावर एक ठिपकासुद्धा नव्हता, दिली तशीच न वाचता परत.

ग्वाकने ती दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "निदान एखाद्या शिपायाला ऊब मिळाली असती."

मला हसावं की रडावं कळेना. मी त्याच्या वाडग्यात आणखी रस्सा ओतला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात चिल्बोकची बहीण ओक्दान राजधानीत आली. बर्फातून चालत आली होती, पायातल्या गवती चपलांच्या चिंध्या झालेल्या. तिच्या परगण्यात नवा दंडाधिकारी आला होता. दंडाधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कारकुनाने तिच्या नवऱ्याचा बैल ओढून नेला. नवऱ्याने गावच्या गुरुजीकडून अर्ज लिहून घेतला आणि कचेरीत दिला.

"मग?" चिल्बोकने विचारलं.

"मग काय, साहेबांनी अर्ज हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि कारकुनाला म्हणाले, वाच रे. त्याच कारकुनाला."

"बैल नेला त्याला?"

"त्यालाच. त्याने वाचून दाखवलं की हा माणूस सारा बुडवतो, याला फटके द्यावेत अशी गावाची विनंती आहे. साहेब म्हणाले, ठीक आहे, द्या. अजून पालथा झोपतोय तो."

"पण साहेबाने स्वतः का नाही वाचला?"

"वाचता येत असतं तर वाचला असता ना, दादा! शिम घराण्यातले आहेत म्हणे. मधला मुलगा."

चिल्बोकच्या हातातला घास हातातच राहिला. शिमच्या मधल्या मुलाची छत्री त्यानेच रोवली होती. त्या दिवशी दोघांचे दात पाडले होते आणि माझ्याकडे येऊन माक्कोल्लीचा, तांदळाच्या दारूचा, अख्खा घडा रिचवला होता. मी म्हटलं असतं, बघ तुझं पीक. जिभेवर आलंही होतं. पण त्याचा चेहरा पाहून मी गिळून टाकलं.

वसंतातली परीक्षा जवळ आली. शिम घराण्याचा कारभारी धाकट्या मुलासाठी चिल्बोकला ठरवायला आला, तर हा म्हणाला, "कंबर धरलीय." कारभारी गेला आणि तो थेट मागच्या खोलीत शिरला. दार उघडंच होतं, मी आंबवलेल्या कोबीची किमची चिरत होते.

"पंडित, यंदा तुमची छत्री मी रोवतो. फुकट."

ग्वाकने पुस्तक मिटलं. "नको."

"नको? अहो, सगळी राजधानी माझ्या पायऱ्या झिजवते!"

"ते खरं. पण तुमच्या खांद्यावरून आत गेलो तर शिमच्या मुलात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"फरक? त्याला वाचता येत नाही, तुम्हाला येतं!"

"किती येतं? हे कोणी ठरवलं? तुम्ही आणि सुन्नेच्या आईने. तुम्हा दोघांना तरी कुठे वाचता येतं?"

झणझणीत होतं, पण खोटं नव्हतं. मग ग्वाक जरा नरमला. एवढं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"चिल्बोक, ही माझी शेवटची खेप. बायकोला शब्द देऊन आलोय. इतकी वर्षं ती नांगर धरते आणि मी पुस्तक धरतो. मी अधिकारी झालो नाही तर चालेल मला. पण मी चांगला आहे की सुमार आहे, एवढं तरी कळायला नको? कोणीतरी एकदा वाचावं आणि सांगावं. ते न कळता घरी गेलो तर मरेपर्यंत भिंतीकडे बघत बसेन."

चिल्बोक बाहेर आला, माझ्यासमोर बसला आणि किमचीचे तुकडे एकेक उचलून खाऊ लागला. सगळी संपत आली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"ताई, मैदानाच्या दाराशेजारच्या भिंतीवर हुकूम लावलेला असतो, त्यात काय लिहिलंय?"

"मला काय विचारतोस? पंडितांना विचार."

त्याने पुन्हा आत जाऊन विचारलं. लिहिलं होतं की परीक्षार्थींनी दारातून एकेकट्याने यावं, धावू नये, नाव सांगून पुढे जावं, सोबत दुसरा माणूस आणू नये. दर परीक्षेला तो हुकूम नव्याने लागतो. मी त्याच भिंतीखाली वर्षानुवर्षं भाताचे गोळे विकते, पण तो पाळलेला मी कधी पाहिला नव्हता. पाळायचा कोणी? पहारेकरी तर दार उघडलं की आधी स्वतः बाजूला उडी मारायचे.

परीक्षेच्या दिवशी मी टोपली घेऊन दाराशी बसले. कंदिलांची गर्दी, छत्र्यांचं जंगल, गड्यांच्या शिव्या. चिल्बोक सगळ्यांच्या पुढे उभा. बाकीचे गडी म्हणाले, आली ब्याद, कंबर बरी झाली वाटतं. दार करकरलं आणि एक फळी उघडली. चिल्बोक उंबऱ्यावर गेला, वळला आणि मांडी घालून खाली बसला. अर्ध्याहून जास्त दार त्याच्या अंगाने भरलं. उरली ती एका माणसापुरती फट.

मागचे पुढच्यांवर आदळले. कोणी त्याच्या खांद्यावर छत्रीचा दांडा घातला, कोणी टोपी उडवली, शिम घराण्याच्या गड्याने त्याच्या छातीवर लाथ मारली. चिल्बोकने फक्त उंबरा घट्ट धरला.

"ऊठ रे रेड्या!"

"नाही उठत."

"वेड लागलं का तुला?"

"हुकूम आहे, एकेकाने जा. मला ओलांडून जायचं असेल तर जा."

गर्दीत मागून कोणीतरी हसलं. चिल्बोकशी कायम भांडणारा मासू नावाचा एक गडी होता. त्याने काय विचार केला देव जाणे, पण त्याने आपली छत्री जमिनीवर टाकली आणि चिल्बोकच्या पुढ्यात पाठ टेकून तोही बसला. आता पहारेकऱ्यांनाही धीर आला. त्यांनी काठ्या आडव्या धरल्या आणि लोकांना रांगेत ढकलायला सुरुवात केली. फटीतून माणूस एकेकटा जाऊ लागला, तशी दारावरच्या लेखनिकाला नावं विचारायला उसंत मिळाली. आणि नाव विचारल्यावर भाड्याचा विद्वान काय सांगणार? कितीतरी विद्वान आणि अक्षरवाले बाहेरच राहिले. त्या दिवशी माझे भाताचे गोळे त्यांनीच संपवले. शिमचा धाकटा आत गेला खरा, पण एकटा. त्याचा चेहरा पाहून मला इतका आनंद झाला की मी एका भिकाऱ्याला फुकट गोळा दिला.

ग्वाक आला तेव्हा त्याने चिल्बोककडे पाहिलं. चिल्बोकच्या नाकातून रक्त येत होतं.

"पंडित, मी तुम्हाला हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला. "रांगेतून चाललायत तुम्ही."

ग्वाकने मान खाली घातली आणि आत गेला.

चिल्बोकला देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर उभं केलं. शिमचा कारभारी ओरडत होता की याने सरकारी दार अडवलं. अधिकारी दाढीवरून हात फिरवत राहिला. धावू नये असा हुकूम आहे, म्हणाला, बसू नये असा हुकूम मला तरी सापडत नाही. तरी कारभाऱ्याची तोंडदेखली समजूत घालायला पाच फटके द्यायला लावले. मारणारा आमच्याच वस्तीतला होता. चिल्बोक म्हणाला, बायको यापेक्षा जोरात मारते.

ज्यांना स्वतः लिहिता येत नव्हतं त्यांनी पत्रिका दिल्याच नाहीत, म्हणून त्या साली पत्रिका कमी. परीक्षकांनी ढीग खालपर्यंत वाचून काढला. निकाल लागला तो सगळ्यांना चक्रावणारा. पहिला आला लांबच्या प्योंगान प्रांतातला एक तरुण, ज्याला राजधानीत कुत्रंही ओळखत नव्हतं. शिमचा धाकटा कुठेच नव्हता. ग्वाकही कुठेच नव्हता.

चिल्बोकने यादी दोघातिघांकडून वाचून घेतली. मग गठ्ठ्यांमधून ग्वाकची पत्रिका शोधली आणि माझ्या खानावळीत घेऊन आला. असा पडलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. ग्वाक रस्सा पीत होता. त्याने वाडगा बाजूला ठेवला आणि पत्रिका उघडली.

तांबडंच तांबडं. एका ओळीला शेजारी गोल, दुसऱ्या ओळीला आणखी एक गोल. मधल्या भागात लांबच लांब रेघ, आणि शेवटी खाली दोन-तीन अक्षरं. ग्वाकने ती सगळी बोटाने हळूहळू वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"सुरुवात चांगली, मधला युक्तिवाद ढिला, एकूण सुमार." त्याने डोळे पुसले. "आणि खरंय हो. मधला युक्तिवाद ढिलाच आहे! मला तिथेच शंका होती."

चिल्बोक भडकला. "म्हणजे मी लाथा खाल्ल्या, फटके खाल्ले, ते तुम्ही नापास व्हावं म्हणून?"

"हो," ग्वाक म्हणाला. "नीट नापास व्हावं म्हणून."

मग तो उठला. टोपी सरळ केली, अंगरखा झटकला आणि माझ्या त्या रश्शाने चिकट झालेल्या जमिनीवर गुडघे टेकून, कपाळ लावून त्याने चिल्बोकला पूर्ण नमस्कार केला. पंडिताने खाटकाच्या पोराला! त्याच्या गावात हे कळलं असतं तर त्याला वाळीत टाकलं असतं. चिल्बोक तोंड वासून उभा राहिला. मग घाईघाईने तोही खाली वाकला आणि दोघं बराच वेळ तसेच जमिनीला चिकटून राहिले, कारण आधी कोणी उठायचं ते कोणालाच ठरवता येईना. मी चुलीपाशी उभी राहून भरपूर रडले.

चिल्बोकला मोठ्या घराण्यांनी पुन्हा बोलावलं नाही. पुढच्या परीक्षेपासून त्या देखरेख अधिकाऱ्याने त्याला दारावरच नेमून टाकलं. परीक्षा न देता अधिकारी झाला, असं वस्तीतले लोक अजून चिडवतात. त्याच्या बहिणीचा बैल काही परत आला नाही. शिमचा मधला मुलगा दुसऱ्या वर्षी तिथून हलला, एवढंच.

ग्वाकने त्या दिवशी तीन वाडगे रस्सा खाल्ला, जे त्याने कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिका छातीशी बांधून निघाला. गावात मुलांना शिकवतो, असा निरोप एका व्यापाऱ्याबरोबर आला होता. आई गेली, बायको बरी आहे, आणि आता नांगर दोघं मिळून धरतात. मागची खोली मी बरीच वर्षं त्याच्यासाठी झाडून ठेवायची, सवयीने. पण तो राजधानीत परत कधी आला नाही. त्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं.