आईच्या गळ्याचं माप

आईच्या गळ्यावर सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा आमच्या ढिवर मोहल्ल्यातल्या बायांनी तिथे मासोळीच्या जाळ्याचा दोरा करकचून बांधला. आवळलं की गाठ वाढत नाही, असं त्या मानत. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. सुट्टीत आलो आणि भीतभीतच आईला चांद्याच्या दवाखान्यात नेलं.

"गळा कापला अन् आवाज गेला, त मासोळ्या इकू कशी?" वाटभर तिचं हेच चाललं होतं.

डॉक्टरांनी तिला पाण्याचा घोट घ्यायला लावला. घोटाबरोबर गाठ वर सरकली.

"ही गळ्यातल्या ग्रंथीची गाठ आहे, बाई. मऊ आहे. आज कापायची घाई नाही. वाढली, कडक झाली किंवा गिळताना अडली, तर नागपूरला ऑपरेशन."

त्यांनी दोरा सोडला, गळ्याभोवती सैल धरला आणि त्यावर शाईची खूण केली. "आवळू नका. यानं फक्त मोजा."

दिवाळीला घरी गेल्या गेल्या मी दोरा धरला. टोक खुणेवरच आलं. मी पुन्हा मोजू लागलो.

"सोड आता माहा गळा," आई म्हणाली, "बजारले उशीर होऊन राह्यला."

टोपली डोक्यावर घेऊन ती दारातूनच ओरडत निघाली, "मासोळ्याऽऽ!"