तिसऱ्या इंजिनाचा आवाज

परवा लेकीच्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकात ओळीने तीन इंजिनं पाहिली, वाफेचं, डिझेलचं आणि विजेचं, आणि कोळशाच्या धुळीचा वास एकदम नाकात शिरला. माझ्या लहानपणी एकलहऱ्याला वीजकेंद्राकडे जाणारी कोळशाची मालगाडी आमची पायवाट अडवून उभी राहायची. वीजकेंद्रात कामाला असलेल्या काकांचा जेवणाचा डबा घेऊन मी आणि काकू निघायचो, एवढा मोठा वळसा कोण घालणार? आमच्याकडच्या बाया आधी कान देऊन ऐकायच्या. डिझेलची धडधड नसली, की इंजिन सुटून गेलं असं समजायचं आणि वाघिणीखालून, म्हणजे मालडब्याखालून, पलीकडे निघायचं. त्या दुपारीही सगळं शांत होतं. "इंजिन नाय, चल," म्हणत काकू वाकली. ती रुळांच्या मधोमध असतानाच लांबवर खण्ण झालं, आणि वाघिणींना हिसके देत तो आवाज आमच्याकडे धावत आला. "काकू, आडवी पड!" मी किंचाळले. चाकं फिरायला लागली. त्यांच्या आडून तिची हिरवी साडी दिसायची, झाकली जायची, परत दिसायची. हलत मात्र नव्हती. गाडी संपली तेव्हा काकू खडीवर पालथी होती, डोळे घट्ट मिटलेले. "गेली का गं?" तिनं विचारलं. विजेचं इंजिन त्या दिवशी पहिल्यांदाच आलं होतं. वरच्या तारा तर आम्ही रोज बघत होतो. इकडे लेक पुस्तकातलं एकेक इंजिन तोंडानं वाजवून दाखवत होती, झुकझुक, मग धडधड. तिसऱ्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "मम्मी, हे कसं वाजतं?" "ते वाजत नाही," मी म्हणाले.