दोषांची वही आणि परळची सासू

आत्मपरीक्षणानं माणसाचा स्वार्थ गळतो असं कुणी सांगू लागलं की मी हल्ली नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. अहो, तो उद्योग मी तीन वर्षं केलाय!

तेव्हा मी कचेरीत कारकून, बिऱ्हाड गिरगावात, चाळीतल्या दीड खोलीत. आम्ही सहा जण सुधारक. रोज सकाळी डोळे मिटून बसायचं, आपले दोष वहीत उतरवायचे आणि रविवारी एकमेकांना वाचून दाखवायचे. कुणाचे दोष जास्त खोल, यावर आमची चुरस लागे! मी डोळे मिटले की बायको पोरांना घेऊन बाहेर गॅलरीत बसे, थंडीतसुद्धा. आणि मी आत उबेत बसून लिही, 'दुसऱ्याचा विचार करायला शिकलं पाहिजे.'

एका सोमवारी ती दारातून म्हणाली, "अहो, परळला आईनं अंथरूण धरलंय. दोन दिवस जाऊन येऊ का?" मी डोळे न उघडताच हात वर केला, म्हणजे थांब. मग कचेरीला उशीर झाला. मंगळवारी, बुधवारी पुन्हा तेच. नवऱ्यानं हो म्हटल्याशिवाय माहेरी जायची रीत नव्हती, आणि नवरा आपले दोष शोधण्यात गर्क! गुरुवारी मेहुणा निरोप घेऊन आला. आई आता माणसं ओळखत नव्हती. बायको पोरांना घेऊन तशीच त्याच्याबरोबर निघाली.

मला लाज वाटली. खरंच वाटली, खोटं कशाला बोलू? तीन पानं लिहून काढली. 'मी पाषाणहृदयी आहे,' वगैरे. मजकूर असा झकास उतरला की मी तो दोनदा वाचला. रविवारी सभेत एकानं डोळे पुसले, दुसऱ्यानं उतरवून घ्यायला वही मागितली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी परतताना जिन्यात शेजारच्या म्हातारीनं गाठलं. "काय रे, सासू कशी आहे तुझी?"

मला ठाऊकच नव्हतं. तीन दिवसांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. परळ म्हणजे काय काशी होती? मेल्या, पानं कसली खरडत बसलास! ट्रामनं भायखळ्यापर्यंत गेलो आणि तिथून जवळजवळ धावतच सुटलो.

मंडळी स्मशानातून परतली होती. बायको ओसरीत बसली होती, डोळे सुजलेले. मला बघून तिनं पदर सावरला.

"सकाळीच गेली," ती म्हणाली. "आज तुमची सभा ना, म्हणून मीच म्हटलं, यांना निरोप धाडू नका."

टोमणा असता तर मी सोसला असता. पण ती अगदी मनापासून बोलत होती.